मोटारीसाठी कर्ज कोणते काढावे?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर देशाच्या अर्थकारणावर बोलावे, अशी आपल्याकडे रूढी आहे. मोटारीच्या कर्जावर बोलायला उभे राहणे म्हणजे देवळाच्या सभामंडपात बाजारभाव सांगत बसण्यासारखे आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. त्यांना आम्ही एका वर्षाची आठवण देऊ इच्छितो. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली ती १८७५ साली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, याच पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या शेतकऱ्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. जागोजाग त्यांनी सावकाराकडून कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. आपण कशावर अंगठा उठवला हे त्यांना उठवताना कळले नव्हते. जमीन जाऊ लागली तेव्हा कळले. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

एका बाजूला व्याख्यान आणि दुसऱ्या बाजूला कर्जरोखा, अशी ही दोघांची जन्मवर्षाची सोबत आहे. तेव्हा कर्जाचा कागद कसा वाचावा, हा विषय या व्यासपीठाला परका नाही, असे आम्ही समजतो.

आता मुळशीकडे वळू. या तालुक्याला कर्ज आणि जमीन यांचे नाते नव्याने सांगण्याची गरज नाही. १९२१ साली रामनवमीच्या मुहूर्तावर येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ बापट झाले. त्या लढ्याची एक दुखरी बाजू फारशी बोलली जात नाही. मुळशी पेट्यातील पुष्कळ जमिनी त्या वेळेपूर्वीच सावकारांच्या हाती गेलेल्या होत्या. कसणारा मावळा म्हणत होता, ‘जमीन देणार नाही.’ कागदोपत्री मालक असलेला सावकार मोबदल्याचा आकडा विचारत होता. कर्जाने जमिनीचा आणि कसणाऱ्याचा संबंध आधीच तोडला होता. पाणी मागून आले.

शंभर वर्षांनी चित्र पालटले आहे. हिंजवडी आणि माण ही गावे याच तालुक्यातली, आणि तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान नगरी उभी आहे. पिरंगुट, भूगाव, भुकूम यांचे रूप एका पिढीत ओळखू येईनासे झाले. पौडपलीकडे ताम्हिणीच्या वाटेवर मात्र अजून भातखाचरे आहेत आणि धरणाच्या काठची वाड्यावस्त्यांची गावे आहेत. एकाच तालुक्यात महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा अभियंता राहतो आणि वर्षातून एकदा भात विकून पैसा पाहणारा शेतकरीही राहतो. दोघांनाही आज मोटार हवी आहे. यात आम्हांला काही वावगे वाटत नाही. श्रावणातल्या रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धाप लागली आणि दवाखाना तीस-चाळीस किलोमीटरांवर असला, म्हणजे मोटार ही चैन आहे की गरज, हा वाद आपोआप मिटतो. ‘ऋण काढून सण करू नये’ ही म्हण खरी. पण मोटार हा प्रत्येक वेळी सण नसतो.

तेव्हा मोटार घ्यावी की घेऊ नये, हा आमचा आजचा विषय नाही. घ्यायची ठरल्यावर तिच्यासाठी कर्ज कोणते काढावे, एवढाच आहे. बाजारात कर्जांचे प्रकार दहा आहेत: बँकेचे वाहनकर्ज, वित्तकंपनीचे कर्ज, पतसंस्थेचे जामीनकी कर्ज, सोनेतारण, ठेवतारण, विमा पॉलिसीवरील कर्ज, वैयक्तिक कर्ज, घरकर्जावरचे वाढीव कर्ज, कंपनीकडून मिळणारी भाडेपट्टीची मोटार, आणि अखेरीस खाजगी सावकार. विक्रीच्या दालनात बसलेला तरुण मात्र आपल्याला एकच प्रश्न विचारतो: ‘महिन्याला हप्ता किती झेपेल?’ आमचे आजचे सारे म्हणणे असे आहे की, कर्ज निवडताना हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. त्याच्या आधी चार प्रश्न आहेत. व्याज कशावर आकारतात? कर्ज किती काळ चालणार? गहाण काय पडणार? आणि मधेच सुटता येईल का?

पहिला प्रश्न व्याजाचा. हिशेबासाठी आपण सहा लाख रुपयांचे कर्ज धरू. एक बँक म्हणते, द.सा.द.शे. ९. दुसरा कर्ज देणारा म्हणतो, द.सा.द.शे. ८. मुदत दोघांचीही पाच वर्षे. स्वस्त कोणते? कोणीही म्हणेल, आठाचे. पण बँकेचे नऊ टक्के घटत्या शिलकेवर आहेत. म्हणजे दर महिन्याला जेवढे मुद्दल फिटले तेवढे वगळून उरलेल्यावरच व्याज. दुसऱ्याचे आठ टक्के सरळ आहेत. बाजारात याला ‘फ्लॅट रेट’ म्हणतात. त्यात पाच वर्षे पूर्ण सहा लाखांवर व्याज धरलेले असते, मग चौथ्या वर्षी आपण निम्म्याहून अधिक मुद्दल फेडलेले का असेना.

आता आकडे पाहा. घटत्या शिलकेवरच्या नऊ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे १२,४५५ रुपये, आणि पाच वर्षांत व्याज जाते सुमारे १,४७,३०० रुपये. सरळ आठ टक्क्यांनी सहा लाखांवर वर्षाचे ४८,००० याप्रमाणे पाच वर्षांचे व्याज होते २,४०,००० रुपये, आणि हप्ता बसतो १४,००० रुपये. म्हणजे तोंडाने एक टक्का कमी सांगणारा प्रत्यक्षात ९२,००० रुपयांहून अधिक जास्त घेतो. ते आठ टक्के घटत्या शिलकेच्या भाषेत मांडले तर चौदा टक्क्यांच्याही किंचित वर जातात. यात खोटे कोणी बोललेले नाही. फक्त दोन वेगवेगळ्या मापांनी मोजून एकच शब्द वापरला आहे. पायलीने मोजलेले धान्य आणि किलोने मोजलेले धान्य यांची तुलना आपण करीत नाही. मग व्याजाच्या बाबतीत का करावी?

यावर साधा उपाय आहे. दर विचारू नका, पूर्ण फेडीपर्यंत एकूण किती रुपये द्यावे लागतील ते विचारा आणि कागदावर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तकंपन्या यांच्यावर असे बंधन घातले आहे की, व्यक्तीला कर्ज देण्यापूर्वी त्याच्या मुख्य अटींचे एक पत्रक, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ या नावाचे, त्याच्या हाती दिलेच पाहिजे. त्यात सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असला पाहिजे, आणि ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. मराठी माणसाने ते मराठीत मागावे. सात दिवसांहून अधिक मुदतीच्या कर्जात या पत्रकातल्या अटी निदान तीन कामाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात, तेव्हा ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ या घाईला फारसा अर्थ उरत नाही. पत्रक घरी आणावे, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि मग सही करावी. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. तेथे हे पत्रक आपोआप मिळणार नाही. आपल्यालाच लेखी विचारावे लागेल.

त्याच पत्रकात आणखी एक गोष्ट पाहावी. प्रक्रियाशुल्क, कागदपत्रांचा खर्च आणि कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा हे सारे पुष्कळदा कर्जाच्या रकमेतच मिळवलेले असते. मोटारीचा विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असे नाही. ‘शून्य टक्के व्याज’ असा फलक दिसला, तर रोखीने घेणाऱ्याला किंमत किती कमी करून देता, एवढे विचारावे. जी सूट आपल्याला मिळाली नाही, तेच त्या कर्जाचे व्याज.

दुसरा प्रश्न मुदतीचा. हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत लांबवणे ही सर्वांत जुनी युक्ती आहे. तेच सहा लाख, तेच घटत्या शिलकेवरचे नऊ टक्के. तीन वर्षांत फेडले तर हप्ता १९,०८० आणि व्याज सुमारे ८६,९००. पाच वर्षांत फेडले तर, मघाशी पाहिल्याप्रमाणे, व्याज १,४७,३००. सात वर्षांत फेडले तर हप्ता ९,६५३ पर्यंत उतरतो. पण व्याज चढते २,१०,९०० पर्यंत.

आता ‘स्वस्त’ कर्जाची गोष्ट ऐका. घरकर्ज चालू असलेल्या नोकरदाराला त्याची बँक कळवते की, घरकर्जावरच आणखी सहा लाख देतो, दर फक्त साडेआठ, मुदत पंधरा वर्षे. हप्ता होतो ५,९०८ रुपये. किती सोपे! पण पंधरा वर्षांचे व्याज मोजले तर ते ४,६३,५०० रुपयांच्या घरात जाते. अर्धा टक्का कमी दराने तिपटीहून अधिक व्याज. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे मोटार नोंदणीची मुदत संपून भंगाराच्या वाटेला लागली, तरी तिचा शेवटचा हप्ता त्याच वर्षी जायचा! हेच वाढीव कर्ज घेऊन ते पाच वर्षांत फेडण्याचा कोणी पक्का निर्धार केला आणि पाळला, तर ते खरोखर स्वस्त पडेल. पण हा निर्धार कागदावर पाच वर्षांची मुदत लिहून घेऊन करावा, मनातल्या मनात करू नये.

मुदतीला मोटारीच्या घसरत्या किमतीचीही बाजू आहे. जमीन ठेवली तर वाढते, सोने ठेवले तर बहुधा वाढते. मोटार दारात उभी राहूनही घटते. विमा कंपन्यांच्या रूढ कोष्टकात एक ते दोन वर्षांच्या मोटारीची किंमत २० टक्क्यांनी, तीन ते चार वर्षांच्या मोटारीची ४० टक्क्यांनी आणि चार ते पाच वर्षांच्या मोटारीची ५० टक्क्यांनी कमी धरतात. समजा, मोटारीची मूळ किंमत आठ लाख आहे आणि कर, नोंदणी व विमा धरून ती नऊ लाखांना पडली. एकाने पदरचे तीन लाख घालून सहा लाख पाच वर्षांसाठी काढले. दुसऱ्याने सगळे नऊ लाख सात वर्षांसाठी काढले. तीन वर्षे उलटली आणि दोघांच्याही मोटारी ताम्हिणीच्या घाटात अपघात होऊन निकामी झाल्या. विम्याच्या हिशेबाने मोटारीची किंमत राहिली ४,८०,००० रुपये. पहिल्याचे देणे उरले होते सुमारे २,७२,६००. ते भागून त्याच्या हाती दोन लाख राहतात. दुसऱ्याचे देणे होते सुमारे ५,८१,९००. विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही तो लाखभर रुपये देणे लागतो, आणि दारात मोटार नाही. तेव्हा रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीतला निदान चौथा हिस्सा, जमल्यास तिसरा, पदरचा असावा. तेवढा साठला नसेल, तर एक वर्ष थांबावे किंवा लहान मोटार घ्यावी.

तिसरा प्रश्न गहाणाचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक कर्जात काहीतरी गहाण पडते. कधी वस्तू पडते, कधी घर पडते, कधी शेजाऱ्याचे नाव पडते.

वाहनकर्जात गहाण पडते ती मोटारच. ती आपल्या ताब्यात राहते, आपल्या नावावर राहते, पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकात कर्ज देणाऱ्याच्या बोजाची नोंद होते. याला आपल्याकडे नजरगहाण म्हणतात. पूर्वी मोटारी हप्तेबंदीने मिळत, तेव्हा शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी वित्त पुरवणाऱ्याची असे. नजरगहाणात मालकी आपली आणि बोजा त्याचा. वाईटात वाईट म्हणजे मोटार जाईल, आणि लिलावात कर्जापेक्षा कमी आले तर फरकाचे देणे राहील. घर आणि शेत त्या कर्जाच्या कागदात नाहीत. ज्या वस्तूसाठी कर्ज काढले तीच गहाण पडावी, यापेक्षा न्याय्य तारण आम्हांला दुसरे दिसत नाही.

याउलट घरकर्जावरच्या वाढीव रकमेत गहाण पडते घर. सोनेतारणात पडते घरातल्या बाईचे सोने. सोन्यावर कर्ज तासाभरात मिळते हे खरे, पण त्याची मुदत बहुधा वर्षाची असते, आणि पुष्कळदा मुद्दल व व्याज शेवटी एकरकमी भरावे लागते. वर्ष संपते तेव्हा पैसा नसतो; मग व्याज भरून कर्ज नवे केले जाते, आणि मोटार जुनी होत असता मुद्दल जसेच्या तसे राहते. ठेव मुदतपूर्तीला दोन-तीन महिने अवकाश असेल, भात विकले जायचे असेल, अशा थोड्या दिवसांच्या अडचणीला सोनेतारण चांगले. पाच वर्षांच्या मोटारीला ते चांगले नाही. शिवाय तो दागिना जिचा आहे तिला विचारल्याखेरीज तो तिजोरीतून काढू नये, हेही सांगितले पाहिजे.

ठेवतारण आणि पॉलिसीवरील कर्ज ही त्यापेक्षा सौम्य. ठेवीवरच्या कर्जाला बँक ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लावते, आणि गहाण पडते ती आपलीच शिल्लक. ज्याच्याजवळ ठेव आहे आणि ती मोडायची नाही, त्याने वाहनकर्जाच्या आधी याची चौकशी करावी.

वैयक्तिक कर्जात वस्तू काहीच गहाण पडत नाही, म्हणून त्याचा दर चढा. पण घाईने त्याला नावे ठेवू नयेत. सहा लाखांवर घटत्या शिलकेचे तेरा टक्के पाच वर्षे लावले, तर व्याज येते सुमारे २,१९,१००. म्हणजे मघाच्या ‘सरळ आठ’ टक्क्यांपेक्षा हे विनातारण कर्जसुद्धा स्वस्त आहे! जुनी मोटार घेताना, जिच्यावर बँका वाहनकर्ज द्यायला नाखूश असतात, लहान रकमेपुरते ते उपयोगी पडते.

पतसंस्थेच्या कर्जात मात्र गहाण पडते माणसाचे नाव. सहकाराबद्दल आम्हांला आदर आहे. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, जिच्या समितीवर आपल्या पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते, असे आढळले की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा तीन टक्क्यांच्या आसपास होता आणि सावकारांचा सत्तरीच्या घरात. त्या स्थितीतून महाराष्ट्राने सहकार उभा केला, हे लहान काम नव्हे. ज्याच्याजवळ पगारपत्रक नाही, त्याला अजूनही बँकेपेक्षा गावची पतसंस्था लवकर ओळखते. पण तिला जामीनदार लागतात. आणि जामीन राहणे म्हणजे ओळख देणे, अशी जी आपल्याकडे समजूत आहे, ती साफ चुकीची आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात निराळे काही लिहिलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराला आधी गाठा आणि मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली वसुली दाखला निघाला, की त्यात जामीनदाराचेही नाव असते. मोटारीत बसतो एक आणि वसुलीची नोटीस येते मेहुण्याला, अशाने किती घरांतले येणेजाणे बंद झाले असेल, ते आपले आपण आठवून पाहावे. रस्त्यावर मिरवणाऱ्या वस्तूसाठी मामाला, मेहुण्याला, वर्गमित्राला जामीन राहा म्हणू नये. आपल्यालाही कोणी विचारले, तर ‘उद्या हे सगळे मला फेडावे लागले तर फेडीन का?’ एवढे स्वतःला विचारून मगच हो म्हणावे.

राहता राहिला खाजगी सावकार. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरवला आहे, आणि अशा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. पण दाद मागण्याची वेळ येते, तोवर खरेदीखत झालेले असते. हातउसन्या पैशाच्या मोबदल्यात कोणी सातबारावरची जमीन ‘नावापुरती’ लिहून मागत असेल, तर ते मोटारीचे कर्ज नव्हे. ते जमिनीची खरेदी आहे, एवढे समजावे. मुळशीत जमिनीला आलेला भाव पाहता, येथे हा धोका इतर तालुक्यांपेक्षा कमी नाही.

येथेच थोडे जमीन विकून मोटार घेण्याबद्दल बोलले पाहिजे. ‘आम्ही कर्ज काढलेच नाही, गुंठे विकले,’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत. कर्ज नाही हे खरे. पण जी वस्तू वाढते ती देऊन, जी घटते ती त्यांनी घेतली आहे. कर्ज पाच वर्षांनी फिटते. विकलेला गुंठा परत येत नाही. घरची वाट अडली असताना जमीन विकावी लागली तर ते दुर्दैव, पण मोटारीसाठी विकण्यापेक्षा मोटारच गहाण ठेवणारे वाहनकर्ज शतपट बरे.

चौथा प्रश्न सुटकेचा. बोनस आला, पीक साधले, ठेव सुटली. तेव्हा कर्ज मुदतीआधी फेडता येईल का, आणि दंड किती? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यक्तीने धंद्याखेरीज इतर कामासाठी बदलत्या व्याजदराने घेतलेल्या कर्जावर बँका आणि वित्तकंपन्या यांना मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही. पण मोटारीची पुष्कळ कर्जे स्थिर दराची असतात. तेथे आकार असू शकतो, आणि तो पत्रकात लिहिलेला असतो. म्हणून दोन कर्जे इतर बाबतींत सारखी असतील, तर ज्यातून फुकट सुटता येते ते निवडावे.

कर्ज फिटले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. कर्ज देणाऱ्याकडून ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन आर.टी.ओ.त नोंदणीपुस्तकावरचा बोजा उतरवावा लागतो. हे राहून गेले की दहा वर्षांनी मोटार विकताना आठवते, आणि मग हत्ती गेला नि शेपूट राहिले, अशी गत होते. १ डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे की, व्यक्तीचे असे कर्ज पुरते फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करून बोजा उतरवावा; कर्ज देणाऱ्याच्या दोषाने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी. हप्ता चुकला तर आकारायचा दंडही, १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत, मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. आणि हप्ते थकले म्हणून दांडगट माणसे पाठवून मोटार ओढून नेण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच निषिद्ध ठरवली आहे. वसुली करायची ती कायद्याच्या वाटेने. मात्र याचा अर्थ कर्ज बुडवता येते, असा कोणी घेऊ नये. धनादेश किंवा खात्यातून परस्पर जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला, तर फौजदारी खटल्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

आता हे चार प्रश्न घेऊन आपण तालुक्यातल्या तीन घरांत जाऊ.

पहिले घर हिंजवडीच्या नोकरदाराचे. पगार नियमित, घरकर्ज चालू. त्याने घराला हात लावू नये. घटत्या शिलकेचे वाहनकर्ज, मुदत पाच वर्षांच्या आत, आणि मुदतपूर्व फेडीची मोकळीक. त्याची कंपनी भाडेपट्टीने मोटार देत असेल, तर करात काही सवलत मिळते. पण नोकरी सोडली तर मोटारीचे काय होणार, हे आधी लेखी विचारावे. त्या नगरीत नोकरी बदलणे ही अपवादाची गोष्ट नाही.

दुसरे घर पिरंगुटच्या कारखान्यातल्या कामगाराचे, ज्याची पौडच्या पुढे भातशेतीही आहे. पगार बेताचा, वर्षातून एकदा भाताचे पैसे. याने हप्ता ठरवावा तो एकट्या पगारावर, तोही ओव्हरटाइम न धरता. भाताचे पैसे येतील तेव्हा ते जादा भरून मुद्दल तोडावे. हप्ता भातावर बेतला आणि कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, म्हणजे घडी विस्कटते. आणि सोसायटीकडून पिकासाठी मिळालेले सवलतीचे कर्ज मोटारीच्या पहिल्या भरण्याकडे कधीही वळवू नये. ते वेळेवर फिटले नाही की व्याजाची सवलत जाते आणि पुढल्या हंगामाला बियाण्याचीही पंचाईत होते.

तिसरे घर धंद्यासाठी गाडी घेणाऱ्या तरुणाचे. पर्यटकांची टॅक्सी किंवा भाजीपाला, विटा-वाळू वाहणारी पिकअप. येथे हिशेब निराळा. गाडी स्वतः कमावते, व्याज धंद्याच्या खर्चात धरता येते. पण मुळशीत पर्यटकांचा जोर पावसाळ्यात आणि सुट्ट्यांत, आणि एरवी रस्ता ओस. त्याने सहा महिन्यांची खरी कमाई पाहून, त्यातून डिझेल, टायर, विमा, परवाना वजा करून, उरलेल्या निम्म्यात हप्ता बसतो का ते पाहावे. बसत नसेल, तर पहिली गाडी जुनी घ्यावी. वित्तकंपन्या याच तरुणाला सरळ दराने कर्ज देऊ पाहतात, म्हणून पहिला प्रश्न त्याने सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने विचारावा.

सभ्य स्त्रीपुरुषहो, सुप्याच्या शेतकऱ्यांना आपला रोखा वाचता येत नव्हता. वाचून सांगणारे कोणी नव्हते, आणि वाचला असता तरी दुसरीकडे कर्ज मिळण्याची सोय नव्हती. आपल्यापाशी या तिन्ही गोष्टी आहेत. अक्षरओळख आहे, मराठीत पत्रक मागण्याचा अधिकार आहे, आणि एकाने अट बदलली नाही तर समोरच्या रस्त्यावर दुसरी बँक आहे. हे सारे असूनही आपण दालनातल्या खुर्चीवर बसून, पेढ्याचा पुडा हातात घेऊन, चाळीस ठिकाणी न वाचता सह्या करीत असू, तर १८७५ सालच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. मोटार जरूर घ्या. रंग घरच्या मंडळींनी ठरवावा. पण सही करण्यापूर्वी एक रात्र तो कागद घरी आणा, आणि चार प्रश्नांची उत्तरे त्याच्या पाठीमागे आपल्या हाताने लिहून काढा: व्याज कशावर, मुदत किती, गहाण काय, सुटका कशी. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मोटारीखेरीज दुसरे काही, म्हणजे घर, शेत, घरातले सोने किंवा कोणा सोयऱ्याचे नाव आले, तर सकाळी दुसऱ्या बँकेत चौकशी करून या.